चंचुपात्रातला गाळ आणि खसाळ्याची राख

पाण्यात माती ढवळायची, पात्र स्थिर ठेवायचे आणि वर नितळ पाणी आले की ते अलगद ओतून घ्यायचे. ‘निवळणे’ शिकवायला हा प्रयोग उत्तम आहे. त्याला खर्च नाही, आणि मुलांना सारे डोळ्यांनी दिसते. आमचा आक्षेप प्रयोगावर नाही. तो जिथे थांबवला जातो, त्यावर आहे. पाणी नितळ झाले की काम संपले, असा समज मुलांच्या मनात राहतो. वास्तविक तळाच्या गाळाची गोष्ट तिथून सुरू होते.

नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्रातली कोळशाची राख पाण्यात मिसळून नळांवाटे खसाळ्याच्या राखतलावात सोडली जाई. राख खाली बसते, पाणी वर राहते. म्हणजे आपलेच चंचुपात्र, फक्त अवाढव्य! १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले. बांध फुटण्यामागे पाऊस, पाझर, बांधणी अशी अनेक कारणे असू शकतात. पण फुटल्यावर आतली राख जागेवर थांबेल की वाहत सुटेल, हे ती किती घट्ट झाली आहे यावर बरेच अवलंबून असते. नेमके हेच आपले पात्र सांगत नाही.

असे का? कारण यात एक नव्हे, तीन क्रिया आहेत.

पहिली, कण खाली बसणे. स्टोक्सच्या नियमानुसार (१८५१) कणाचा व्यास दहापट लहान झाला की वेग शंभरपट कमी होतो. ०.०२ मिलिमीटरचा वाळूसारखा कण १० सेंटिमीटर पाणी सुमारे पाच मिनिटांत उतरतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणाला सुमारे आठ तास लागतात.

दुसरी, बसलेला गाळ स्वतःच्या वजनाने दबणे. कणांमधले पाणी पिळून निघावे लागते. टेर्झागी यांनी १९२३ साली याचे गणित मांडले. थराची जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. चंचुपात्रातल्या पाच सेंटिमीटर थराला एक तास लागला, तर त्याच गाळाच्या पाच मीटर थराला दहा हजार तास, म्हणजे वर्षाहून अधिक! शिवाय हे गणित थर फारसा आकसत नाही असे धरून चालते. पातळ गाळ मात्र खूप आकसतो. म्हणून गिब्सन, इंग्लंड आणि हसी यांनी १९६७ साली ती अट काढून नवे समीकरण दिले.

तिसरी, वाळणे. ऊन वरच्या थरालाच लागते. तो सुकला की खालचे पाणी वर येण्याचा वेग मंदावतो. वर कोरडी खपली, आत ओल. आपली काळी माती भेगाळते आणि भेगांतून आतले पाणी उडते. राखेत चिकटपणा नसल्याने अशा भेगा फारशा पडत नाहीत. त्यामुळे काळ्या मातीवरून राखेचा अंदाज बांधणेही धोक्याचे.

तेव्हा शिक्षकांनी हाच प्रयोग पुढे न्यावा. एका पात्रात काळी माती, दुसऱ्यात अगदी बारीक वाळू घ्यावी. गाळाची उंची रोज मोजून आलेख काढावा. मग वरचे पाणी ओतून पात्रे उन्हात ठेवावीत. वाळू वरून सुकल्यासारखी दिसली की पात्राला बाजूने हलके ठोके द्यावेत. वर पुन्हा ओल डोकावली तर मुलांना विचारावे, “यावर घर बांधाल का?”

हे उत्तर शोधताना मुलांना प्रारूप म्हणजे काय ते कळेल, आणि ते कुठवर विश्वासार्ह आहे हेही.