दिवाणखान्यातली डुकरं

फ्रँक आणि आयडा मे हॅमंड या अमेरिकन जोडप्याचं 'पिग्ज इन द पार्लर' हे पुस्तक 1973 सालचं. 1960 नंतर अमेरिकेतल्या जुन्या चर्चमध्ये करिश्माई चळवळ शिरली. तिच्यात अन्य भाषा बोलणं आलं, हात ठेवून आजार बरे करणं आलं, आणि भुतं काढणंही आलं. त्याला ते 'डिलिव्हरन्स' म्हणतात. म्हणजे सुटका. हे पुस्तक त्याच कामाचं.

नावापासूनच बघा. भूत म्हणजे डुक्कर आणि माणूस म्हणजे दिवाणखाना. मराठी बायबलातही शब्द 'अशुद्ध आत्मा' असाच आहे. ज्यांना गावानं डुकरांसकट गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनी ही शुद्ध-अशुद्धाची भाषा गुमान गिळायची का?

आत भुतांची यादी आहे, गटवार. त्यात कडवटपणा हे भूत. राग, क्षमा न करणं, ही त्याची पिलावळ. बंड हेही भूत. हट्ट आणि आज्ञा मोडणं त्याच्या पोटात. म्हणजे आपलं अख्खं साहित्यच झपाटलेलं म्हणायचं! राग माणसाला आतून पोखरतो, हे खरं. आम्हीही ते भोगलंय. पण पाणवठ्यावर मार खाल्लेला माणूस कडवट झाला, तर हाकलायचं कुणाला? त्याच्या रागाला की मारणाऱ्याला? या प्रश्नाला यादीत जागा नाही.

डेरेक प्रिन्स हा याच पंथाचा मोठा उपदेशक. त्याचं 'ब्लेसिंग ऑर कर्स' 1990 सालचं. त्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शाप आहे, आणि सततची पैशाची चणचण ही त्या शापाची एक खूण आहे. घ्या! भूमिहीनाची गरिबी आजोबाच्या पापात गेली. जमीन कुणी लाटली, हे विचारायलाच नको. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी हाच सापळा दाखवला होता. हिंदू असताना अधोगती कर्मामुळे, ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजाच्या पापामुळे. सुटका दोन्हीकडं नाही.

हॅमंडनी स्किझोफ्रेनियासुद्धा भुतांच्या खात्यात टाकला. इथं मात्र वाद फक्त विचारांचा राहत नाही. असलं ऐकून कुणी गोळ्या बंद केल्या, तर जीव जातो.

आणि डुकरांची मूळ गोष्ट तरी काय सांगते? मार्कच्या पाचव्या अध्यायात थडग्यांत राहणारा, स्वतःला दगडांनी ठेचणारा माणूस आहे. येशू भुताचं नाव विचारतो. नाव येतं लेगियोन, मराठीत 'सैन्य'. हा रोमी फौजेतला शब्द. पाचसहा हजार शिपायांची तुकडी. मुलूख रोमच्या टाचेखाली, आणि झपाटलेल्याच्या तोंडात त्याच फौजेचं नाव. भुतं दोन हजार डुकरांत शिरतात, डुकरं समुद्रात बुडतात. माणूस शुद्धीवर आला, तरी गाववाले येशूलाच निघून जा म्हणतात. हॅमंडनी यातली डुकरं घेतली, फौज सोडून दिली.

तरीपण प्रार्थनेला जाणाऱ्या आपल्या मावशीला हसू नका. ज्या डोक्याला गावानं कधी शिवलं नाही, त्यावर तिथं कुणीतरी हात ठेवतं, तिचं नाव घेऊन रडतं. एवढं आपल्या सभांत तरी होतं का? म्हणून हात ठेवणाऱ्याशी आपलं भांडण नाही. त्यानं मावशीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात, तिचा राग तिच्यापाशी राहू द्यावा. आणि भुताला नाव विचारलंच, तर सैन्य कुणाचं तेही विचारावं.