गव्हाचे पोते कुठे गेले?

मानवी वस्ती नदीकाठी वाढते, हे वाक्य भूगोलाच्या तासाला आपण सारेच सांगतो. पण नदीची जागा रेल्वेने घेतली की नेमके काय बदलते, हे सांगायचे राहून जाते. अमेरिकी इतिहासकार विल्यम क्रोनन यांचे ‘नेचर्स मेट्रोपोलिस’ (१९९१) हे पुस्तक यासाठीच वाचायला हवे. शिकागो शहर आणि त्याच्या पश्चिमेचा प्रेअरी गवताळ प्रदेश हा त्याचा विषय.

सर्वांत सरस प्रकरण गव्हाचे आहे. रेल्वेपूर्वी शेतकरी धान्य पोत्यांत भरून नदीवर आणत. हमाल ती पोती आगबोटीत चढवीत आणि माल मिसिसिपीवरील सेंट लुईसकडे जाई. हिवाळ्यात नदी गोठली की वाहतूक थांबे. मात्र कोणते पोते कोणाचे, हे शेवटपर्यंत ओळखता येई. १८४८ साली शिकागोत कालवा आणि पहिली रेल्वे ही दोन्ही सुरू झाली. रेल्वेच्या डब्यात धान्य सुटे ओतणे स्वस्त पडे. वाफेची यंत्रे ते उंच कोठारांत चढवीत आणि तिथे अनेकांचा गहू एकत्र होई. ‘माझा गहू’ असा उरलाच नाही. उरली फक्त प्रत आणि पावती. पुढे त्या पावत्यांचीच खरेदी-विक्री होऊ लागली. वाहतुकीचे साधन बदलताच धान्याची ओळखही बदलली, हे क्रोनन पायरीपायरीने पटवून देतात.

दोन बाबतींत मात्र पुस्तक आम्हाला तोकडे वाटले. गवताच्या मुळांनी हजारो वर्षांत घडवलेली काळी माती हीच इथली मूळ संपत्ती, हे क्रोनन मान्य करतात. पण प्रत्येक डब्याबरोबर शेतातून किती नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेर गेले, याचा हिशेब ते मांडत नाहीत. दुसरी बाब माणसांची. ही जमीन रिकामी नव्हती. १८३३ च्या शिकागो करारात पोटावाटोमी आणि त्यांच्या सोबतच्या जमातींना आपला प्रदेश सोडून द्यावा लागला. पुस्तकात ही माणसे सुरुवातीला भेटतात आणि मग दिसेनाशी होतात. वस्तीचा इतिहास सांगताना आधीची वस्ती कशी उठली, हेही तितक्याच तपशिलाने यायला हवे होते.

तरीही गव्हाचे प्रकरण शिक्षकांनी जरूर वाचावे. शेतकऱ्याने विकलेले धान्य कुठपर्यंत ‘त्याचे’ राहते, हा प्रश्न आपल्या वर्गातही विचारता येईल. उत्तरासाठी मुलांना जवळच्या बाजार समितीत पाठवावे.