हजेरीपट ते हजेरी अ‍ॅप: कामगाराच्या माहितीवर हक्क कुणाचा?

आजचा विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात आपण हजेरीपासून करू. मजुराचा आणि काम देणाऱ्याचा पहिला व्यवहार हजेरीचाच असतो.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. या योजनेनं एक शब्द खेड्यापाड्यात नेला: मस्टर. नाव, दिवस, अंगठा. त्यात खोटी नावं घुसवली जायची, हे खरंच आहे. पण मस्टर हा कागद होता आणि तो वाचता येत होता. राजस्थानात नव्वदीच्या दशकात मजुरांनी कामाच्या नोंदी गावासमोर मोठ्यानं वाचायला लावल्या. त्या चळवळीचा माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात मोठा वाटा आहे. म्हणजे हजेरीची माहिती उघडी करा, ही मागणी मजुरांचीच होती. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता आपल्या मेळघाटाकडं या. धारणी आणि चिखलदरा हे रोजगार हमीवर मोठ्या प्रमाणात विसंबलेले तालुके. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मोबाईल हजेरीचं अ‍ॅप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सगळ्या कामांना सक्तीचं केलं. कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो, ठिकाणाच्या नोंदीसह. डोंगरात रेंज नाही, फोटो चढला नाही, तर घाम गाळूनही दिवस बुडण्याची भीती. आणि चढलेला फोटो कुणालाही बघता येईल अशा संकेतस्थळावर. त्या बाईला कुणी विचारलं का, की माय, तुझा चेहरा असा ठेवू का?

बरं, यानं लबाडी तरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना लिहिलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून चढवला जातो. लबाड माणसानं अ‍ॅपला वळसा घातला, आणि प्रामाणिक मजुराचा चेहरा मात्र साठत राहिला.

दुसरं उदाहरण अंगणवाडीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन निकृष्ट, दुरुस्तीचा खर्च अंगावर आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत, अशा तक्रारी होत्या. पगाराची गोष्ट निघाली की याच बायांना सांगतात, तुम्ही मानसेवी, तुम्हाला मानधन. पण क्षणाक्षणाचा हिशेब मागताना त्या पक्क्या नोकर असतात. शेजारच्या नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकेनं जीपीएसची घड्याळं बांधली, तीही याच वाटेवरची.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बरीचशी कलमं अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

माझी टीका तीन जागांवर आहे.

पहिली जागा, कलम ७. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसान वा दायित्वापासून वाचवण्यासाठी, कामगाराची माहिती संमतीशिवाय वापरता येते. आता कोणती गोष्ट 'नोकरीच्या कारणासाठी' नाही, हे मला सांगा! २०१९ च्या विधेयकात हीच सवलत होती, पण तिला कुंपण होतं. भरती, हजेरी, कामाचं मूल्यमापन अशी कारणं मोजून दिली होती. संमती घेणं जिथं योग्य नाही किंवा फार जिकिरीचं आहे तिथंच ती होती. आणि बोटांचे ठसे, आरोग्य यांसारखी संवेदनशील माहिती त्यातून वगळली होती. २०२३ मध्ये कुंपणही गेलं आणि 'संवेदनशील माहिती' हा वर्गही गेला.

दुसरी जागा अधिक खोल आहे. आपली कोणती माहिती आहे ते बघण्याचा हक्क कलम ११ मध्ये, दुरुस्त करण्याचा आणि पुसण्याचा कलम १२ मध्ये. पण हे हक्क संमतीनं दिलेल्या माहितीपुरते. कलम ५ ची सूचनासुद्धा संमती मागतानाच द्यायची. मग अकोल्याच्या एमआयडीसीतला किंवा नांदगाव पेठच्या कापड गिरणीतला कामगार, ज्याची माहिती संमतीशिवाय घेतली, त्यानं माझी नोंद दाखवा म्हटलं तर? या कलमांचा आधार त्याला नाही. काऊन म्हणून विचारायचीही सोय नाही. चूक झालीच तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत. भरपाईचा जुना रस्ता, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ, तेही हा कायदा काढून टाकतो.

तिसरी जागा माहिती अधिकाराची. याच कायद्याच्या कलम ४४ नं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ज) बदललं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हणून नकार देता येतो. सरकार म्हणतं, व्यापक जनहिताचं कलम ८(२) शाबूत आहे. आहे. पण जनहित पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर येतं. आता सुरुवातीचं मस्टर आठवा. मजुराचा चेहरा घ्यायला खासगीपण आडवं येत नाही. मजुरानं ठेकेदाराची बिलं मागितली की येतं.

मालकाची बाजूही ऐकू. पीएफ, ईएसआय, बँकेत पगार, यांना माहिती लागतेच. खोटी हजेरी हा खरा रोग आहे. माहिती घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पण संमतीचा कागद हा त्यावर उपाय नाही, हेही कबूल करू. सही केली नाही तर काम जातं, तिथं सही म्हणजे संमती नव्हे. म्हणून संमतीपेक्षा मर्यादा महत्त्वाच्या. युरोपच्या कायद्यात कलम ८८ खाली नोकरीतल्या माहितीसाठी वेगळे नियम करता येतात. जर्मनीत एच अँड एम कंपनीच्या साहेबांनी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या, घरच्या गोष्टी लिहून ठेवल्या, तर ऑक्टोबर २०२० मध्ये ३ कोटी ५३ लाख युरो दंड झाला.

मग मागायचं काय? कलम ७ ला २०१९ चं कुंपण परत लावा. कलम ११ आणि १२ चे हक्क संमती नसली तरी कामगाराला द्या. घेतलेल्या माहितीची सूचना मराठीत, आणि मेळघाटात कोरकूतही. चेहरा किंवा अंगठा जुळला नाही तर हजेरीचा दुसरा मार्ग, आणि यंत्र बंद पडलं म्हणून मजुरी कापायची नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना संसदेची वाट बघावी लागत नाही. युनियननं करारात आणि ग्रामसभेनं ठरावात आजही मागता येतात.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः ज्यांची हजेरी मोबाईलवर लागते त्यांनी आधी.