हिऱ्यातली खोट: स्पिनवर ताबा, संख्येवर नाही

क्वांटम संगणकाच्या शर्यतीत हिऱ्याची बाजू मांडताना हल्ली एक आकडा हमखास पुढे केला जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथील क्यूटेक या संस्थेने फुजित्सूच्या सहकार्याने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन क्युबिटांमधली, म्हणजे क्वांटम माहितीच्या दोन एककांमधली, क्रिया ९९.९३ टक्के अचूक झाली. म्हणजे हजार क्रियांमागे एकाहूनही कमी चूक. एकेका क्युबिटवरच्या क्रिया तर याहूनही निर्दोष. चुका दुरुस्त करत चालणाऱ्या संगणकासाठी साधारण शंभरात एकाहून कमी चूक हवी असे मानतात, त्या मानाने हा आकडा फार पुढचा आहे. मात्र तो सांगताना एक गोष्ट बहुधा राहून जाते. हे दोन्ही क्युबिट हिऱ्यातल्या एकाच दोषाच्या घरातले होते: एक इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचे अंगभूत सूक्ष्म चुंबकत्व, आणि दुसरा त्याला अगदी चिकटून असलेल्या नायट्रोजनच्या केंद्रकाचा. एका घरातल्या दोघांचे जमले, पण शेजारच्या घराशी बोलणे अजून फार कठीण आहे. हिऱ्यातल्या क्युबिटांची आजची खरी अवस्था ही आहे.

आधी हा दोष समजून घेऊ. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिशय घट्ट, नियमित जाळी. तिच्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की त्या जोडीभोवती इलेक्ट्रॉनांची एक छोटी व्यवस्था तयार होते. प्रयोगशाळेत तिला एनव्ही केंद्र म्हणतात. एक जादा इलेक्ट्रॉन मिळून ते ऋणभारित झाले की त्याचा स्पिन आपल्या उपयोगी पडतो. हिरवा लेसर टाकला की हे केंद्र लाल प्रकाश देते. तो प्रकाश किती तेजस्वी आहे त्यावरून स्पिन कोणत्या अवस्थेत आहे ते कळते, कारण एका अवस्थेत तो दुसरीपेक्षा सुमारे ३० टक्के मंद असतो. त्याच हिरव्या प्रकाशाने स्पिन पुन्हा ठरलेल्या अवस्थेतही आणता येतो. बाहेर चुंबकीय क्षेत्र नसताना या अवस्थांमधले अंतर २.८७ गिगाहर्ट्झ असते. हा मायक्रोवेव्हचा पट्टा असल्याने एका बारीक तारेतून मायक्रोवेव्हचा झोत सोडून स्पिन हवा तसा फिरवता येतो. सुरुवातीची अवस्था लावणे, फिरवणे, वाचणे हे सगळे एका दोषात होते, आणि तेही खोलीच्या तापमानाला. १९९७ साली जर्मनीत केम्निट्झ येथे यॉर्ग राखट्रुप आणि सहकाऱ्यांनी असे एकेक केंद्र वेगळे पाहिले. या विषयाचा आरंभ तिथून धरायला हरकत नाही.

ताबा मिळवण्याची कथा पुढची, आणि ती या क्षेत्रातली सर्वांत देखणी कथा आहे. स्पिनची लय बिघडवतो तो आजूबाजूचा गोंगाट. निसर्गातल्या कार्बनपैकी १.१ टक्के कार्बन-१३ असतो, त्याच्या केंद्रकाला स्वतःचा स्पिन असतो, आणि असे हजारो छोटे चुंबक दोषाभोवती हलत राहतात. यावरचा पहिला उपाय १९५० साली अर्विन हान यांनी एनएमआरसाठी, म्हणजे केंद्रकांच्या चुंबकीय अनुनादासाठी, शोधला होता. जव्हारच्या शाळेतून मोखाड्याच्या रस्त्याने मुले एकत्र निघाली, कुणी झपाझप, कुणी रमतगमत, तर थोड्या वेळात रांग पांगते. अर्ध्यावर शिट्टी वाजवून सगळ्यांना मागे वळायला सांगितले आणि प्रत्येकाने आपली चाल तीच ठेवली, तर सगळी एकाच क्षणी शाळेच्या दारात येतात. स्पिनला मध्येच उलटे फिरवणारा मायक्रोवेव्हचा झोत म्हणजे ती शिट्टी. गोंगाट सावकाश बदलत असेल तर एक शिट्टी पुरते. तो चपळ असेल तर शिट्ट्यांची ठरावीक मालिका वाजवावी लागते. दुसरा उपाय थेट मुळावर घाव घालणारा: कार्बन-१३ काढून टाकलेल्या वायूतूनच हिरा वाढवायचा. २००९ साली स्टुटगार्टच्या गटाने अशा शुद्ध हिऱ्यात स्पिनची सुसंगती खोलीच्या तापमानाला १.८ मिलिसेकंद टिकवून दाखवली. मायक्रोवेव्हचा एक झोत मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळात संपतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा काळ किती मोठा आहे ते कळेल.

डेल्फ्टच्या टिम टामिनियाऊ यांच्या गटाने याहून अवघड गोष्ट केली. ज्या कार्बन-१३ ला सगळे उपद्रव समजत होते, त्यालाच त्यांनी कामाला लावले. शिट्ट्यांचे अंतर नेमके साधले की बाकी सगळा गोंगाट दबतो आणि एकाच निवडलेल्या केंद्रकाशी बोलता येते. या पद्धतीने २०१९ साली त्यांनी एका दोषाभोवती दहा क्युबिटांची फळी उभी केली. त्यातल्या केंद्रकावर ठेवलेली क्वांटम अवस्था ७५ सेकंदांपर्यंत टिकली. २०२२ साली त्याच पद्धतीच्या सात स्पिनांवर त्यांनी चूक ओळखून सावरणारा एक तार्किक क्युबिट चालवून दाखवला. माझ्या मते स्पिनच्या नियंत्रणाची कला इथे वयात आली. गणित, मायक्रोवेव्हचे तंत्र आणि संयम यांचा इतका सुंदर मेळ मला दुसऱ्या फार थोड्या प्रयोगांत दिसतो. ही कला मुळात एनएमआरच्या घराण्यातली, आणि आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये टी. एस. महेश यांचा गट त्याच वाटेने क्वांटम नियंत्रणाचे काम बरीच वर्षे करतो आहे. झोतांची भाषा जाणणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, ती बाहेरून आणावी लागणार नाहीत.

मग अडते कुठे? एका दोषाभोवतीच्या फळीला मर्यादा असते. सगळा कारभार मधल्या एकाच इलेक्ट्रॉनमार्फत चालतो, आणि दूरच्या केंद्रकांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. शेकडो क्युबिट हवे असतील तर शेकडो दोष एकमेकांशी जोडावे लागतात. त्यासाठी दोन वाटा आहेत आणि दोन्ही बिकट आहेत.

पहिली वाट दोष जवळजवळ बसवण्याची. २०१३ साली स्टुटगार्टमध्ये सुमारे २५ नॅनोमीटर अंतरावरच्या दोन दोषांत खोलीच्या तापमानाला क्वांटम गुंफण, म्हणजे दोघांच्या अवस्था एकमेकींशी बांधणारा दुवा, घडवली गेली. पण दोन स्पिनांमधली चुंबकीय ओढ अंतराच्या घनाने घटते, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की ओढ आठपटीने कमी. नायट्रोजनचे आयन हिऱ्यात मारून दोष तयार करताना ते ठरल्या जागेपासून कित्येक नॅनोमीटर इकडेतिकडे सरकतात. अशी जवळची जोडी मिळाली तर ती नशिबाने मिळते. नशिबावर एक प्रयोग होतो, कारखाना उभा राहत नाही. ऑक्सफर्ड आणि वॉरिकच्या संशोधकांनी लेसरच्या झोताने हव्या त्या जागी एकेक एनव्ही केंद्र लिहिण्याची रीत २०१९ पर्यंत जवळजवळ दर वेळी यशस्वी होईल इतकी सुधारली. मला ही फार मोलाची प्रगती वाटते, आणि तिच्याबद्दल जितके बोलले जाते त्याहून कितीतरी अधिक बोलले गेले पाहिजे.

दुसरी वाट प्रकाशाची. दोष दूर असले तरी प्रत्येकातून निघालेले फोटॉन एकत्र आणून त्यांच्या स्पिनांत गुंफण घडवायची. डेल्फ्टमध्येच रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने २०१५ साली १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमध्ये हे केले आणि गुंफण खरी आहे का हे पारखणाऱ्या बेलच्या कसोटीतल्या पळवाटा प्रथमच एकत्र बंद केल्या. तो प्रयोग ऐतिहासिक होता. पण त्यात २२० तासांत २४५ यशस्वी प्रयत्न मिळाले, म्हणजे तासाला साधारण एक. पुढे २०१८ मध्ये जवळच्या अंतरावर हा वेग सेकंदाला सुमारे ३९ पर्यंत आला आणि २०२१ मध्ये तीन हिऱ्यांचे जाळेही झाले. तरीही संगणकाच्या गरजेपुढे हा वेग तोकडा आहे. कारण एनव्हीच्या स्वभावातच आहे. त्याच्या प्रकाशातला जेमतेम ३ टक्के भाग एकसारख्या, गुंफणीला चालणाऱ्या फोटॉनांचा असतो. शिवाय हे केंद्र हिऱ्याच्या पृष्ठभागाजवळ नेले की त्याच्या प्रकाशाचा रंग डळमळतो.

म्हणून आता सिलिकॉन आणि कथिल यांचे अणू हिऱ्यात बसवून केलेले दोष पुढे आले आहेत. त्यांची रचना सममित असल्याने विद्युत गोंगाट त्यांना फारसा छळत नाही आणि नॅनोरचनांत ते नीट नांदतात. २०२४ साली हार्वर्डच्या गटाने सिलिकॉनचे दोष वापरून बॉस्टनमधल्या ३५ किलोमीटर फायबरमधून गुंफण साधली. त्याच वर्षी एमआयटीच्या डर्क इंग्लंड यांच्या गटाने कथिलाचे चार हजारांहून अधिक दोष एका सिलिकॉन चिपवर बसवून त्यांचे रंग जुळवता येतात हे दाखवले. बातम्यांत या चार हजारांचा फार गाजावाजा झाला. यंत्ररचनेचे यश म्हणून मी त्याला पूर्ण मान देतो, पण ते चार हजार क्युबिट एकमेकांशी गुंफलेले नव्हते. मोजणी आणि जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तापमानाबद्दलही असेच स्पष्ट बोलायला हवे. हिऱ्याची जाहिरात करताना खोलीच्या तापमानाला चालण्याचा गुण आणि ९९.९ टक्क्यांची अचूकता एका दमात सांगितली जाते. तो वर सांगितलेला विक्रम निरपेक्ष शून्याच्या जवळ, सुमारे ४ केल्विनला झाला. फोटॉनांची गुंफणही थंडीतच होते. सिलिकॉनच्या दोषाला तर केल्विनच्या दहाव्या हिश्श्याजवळ न्यावे लागते. खोलीच्या तापमानाला चालणारी मोजक्या क्युबिटांची यंत्रे आहेत, २०२२ मध्ये पर्थच्या पॉझी महासंगणक केंद्रात ऑस्ट्रेलियन कंपनीचे असे एक यंत्र बसले, पण दोन्ही गुण एकाच यंत्रात आज मिळत नाहीत.

या पार्श्वभूमीवर मुंबईत जे घडते आहे ते मला विचारपूर्वक वाटते. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातल्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आर. विजयराघवन यांचा गट अतिवाहक क्युबिटांवर काम करतो. डीआरडीओ आणि टीसीएस यांच्यासोबत केलेल्या त्यांच्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. पवईला कस्तुरी साहा यांच्या गटाने हिरा निवडला, पण संगणकाऐवजी सूक्ष्मदर्शकासाठी. एनव्हीचे असंख्य दोष असलेली हिऱ्याची पातळ चकती वस्तूवर ठेवायची, लेसर आणि मायक्रोवेव्ह लावायचे, आणि कॅमेऱ्याने चुंबकीय क्षेत्राचे चित्र घ्यायचे. २०२२ मध्ये या गटाने असे चित्र सेकंदाच्या आत टिपण्याची रीत प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टीसीएससोबत चिप न उघडता तिच्या आतले प्रवाह पाहणारे यंत्र बनवण्याचा करार जाहीर झाला.

काहींना ही माघार वाटते. मला ती वाटत नाही. संगणकाला प्रत्येक दोष नेमक्या जागी, नेमक्या रंगाचा लागतो. संवेदकाला लाखो दोषांची सरासरी पुरते, ते कुठेही विखुरलेले असोत. ज्या अडचणीवर जग अडले आहे ती इथे बाजूला ठेवता येते, आणि झोतांच्या मालिका, मायक्रोवेव्हची तारजोडणी, हिऱ्याची पारख ही सगळी विद्या मात्र तीच राहते. उद्या संगणकाकडे वळायचे ठरले तर ही शिदोरी तयार असेल.

या सूक्ष्मदर्शकाला महाराष्ट्रात एक असा विषय आहे जो इतरांकडे नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टचे थर भूवैज्ञानिकांनी लावले तेव्हा सर्वांत खालच्या, सर्वांत जुन्या थराला जव्हारचे नाव मिळाले. तिथून वर इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर अशी चढण महाबळेश्वरपर्यंत जाते. ही क्रमवारी लावण्यात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. जव्हार-मोखाड्याचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना घडला, आणि त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात इम्पीरियल कॉलेजच्या आणि पुढे टीआयएफआरच्या संशोधकांनी दख्खनच्या खडकांतली ही दिशा मोजली. हा प्रदेश तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला.

त्या काळापासूनची रीत अशी की कातळातून इंचभर जाडीचा गोल तुकडा कापायचा आणि त्या सगळ्या तुकड्याचे मिळून एकच माप घ्यायचे. विजा पडून, पावसाने कुजून, जांभ्यात रूपांतर होताना मागाहून आलेले चुंबकत्व मूळच्या चुंबकत्वात मिसळते, आणि एका मापातून ते वेगळे काढणे कष्टाचे होते. हिऱ्याचा सूक्ष्मदर्शक कणाकणाचे वेगळे चित्र देतो. हे नुसते स्वप्न नाही. १९४० साली मध्य प्रदेशात पडलेल्या सेमारकोना उल्केचे कण या तंत्रानेही पाहून २०१४ मध्ये सूर्यमालेच्या जन्मकाळचे चुंबकीय क्षेत्र किती होते याचा अंदाज बांधला गेला. ते कण आपल्या देशात पडलेले होते, मोजणी अमेरिकेत झाली. जव्हारच्या कातळाच्या बाबतीत पवईला ती घरीच करता येईल, आणि ती व्हावी असे मला मनापासून वाटते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या हिऱ्याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष नाही. सुरतेत जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला येतात, वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचा बाजार भरतो, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांच्या भट्ट्या आता गुजरातेत मोठ्या संख्येने आहेत. पण दागिन्याच्या हिऱ्याची आणि क्वांटमच्या हिऱ्याची परीक्षा वेगळी. मिथेनपासून हिरा वाढवताना त्याची वाढ जलद व्हावी म्हणून वायूत थोडा नायट्रोजन सोडतात आणि मग आलेली तपकिरी छटा उष्णतेने घालवतात. व्यापाराला ते परवडते. क्वांटमच्या कामाला पायाचा हिरा असा लागतो की त्यात अब्जभर अणूंमागे मोजके नायट्रोजन असावेत, आणि मग हवा तेवढा, हव्या त्या खोलीवर आपण घालावा. गंमत अशी की किरणोत्सार आणि उष्णता देऊन गुलाबी केलेल्या हिऱ्यांचा रंग याच एनव्ही केंद्रांमुळे येतो, म्हणजे दोष निर्माण करण्याची कला बाजारात आहे. नाही ती शुद्धतेची शिस्त. प्रयोगशाळांना आजही असा हिरा बहुधा परदेशी उत्पादकांकडून घ्यावा लागतो. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर मद्रासच्या आयआयटीला प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या केंद्रासाठी सुमारे २४२ कोटी रुपये मिळाले. त्या पैशात दागिन्यांइतकेच या शुद्ध हिऱ्यालाही स्थान हवे. पवईच्या केंद्राने काय हवे ते आकड्यांत लिहून द्यावे: नायट्रोजन किती, कार्बन-१३ किती, पृष्ठभाग किती गुळगुळीत. सुरतेच्या भट्टीवाल्यांपैकी जो पहिला ते पुरवील त्याच्याकडून निश्चित भावाने खरेदीची हमी द्यावी. आणि कार्बन-१२ चा शुद्ध मिथेन, जो महाग आहे आणि ज्याशिवाय स्पिनची सुसंगती मिलिसेकंदापर्यंत नेणे अवघड आहे, त्याचा खर्च मिशनच्या यादीत आधी यावा, यंत्रांच्या खरेदीच्याही आधी.