छायाकड्याचे मापन आणि समदिक् आकाशाचे गृहीतक : एक चिकित्सा

पायरॅनोमीटरवर पडणारे थेट सूर्यकिरण अडवावेत आणि उरलेल्या आकाशाकडून येणारे विसरित प्रारण मोजावे, हे तत्त्व सोपे आहे. अडचण अडवणाऱ्या वस्तूपासून सुरू होते. ध्रुवीय अक्षाला समांतर सरकणारे छायाकडे सूर्याचा दिवसभराचा मार्ग झाकते. त्यास विजेची गरज नसते. क्रांतीनुसार दर काही दिवसांनी हाताने सरकवले की काम भागते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना ते परवडते ते यामुळेच. मात्र सूर्यासोबत आकाशाचा एक पट्टाही झाकला जात असल्याने मिळणारे माप नेहमीच कमी भरते.

ही तूट भरून काढण्यासाठी ड्रमंड यांनी १९५६ साली मांडलेली भूमितीय दुरुस्ती आजही सर्रास वापरली जाते. कड्याची रुंदी त्रिज्येच्या एक पंचमांश धरल्यास पुण्याच्या अक्षांशावर (१८.५°) झाकला जाणारा अंश संपातदिनी सुमारे १२ टक्के, जूनमधील अयनदिनी १०.६ टक्के, तर डिसेंबरमधील अयनदिनी ६.७ टक्के येतो. गणित निर्दोष आहे; आक्षेप गृहीतकावर आहे. आकाश सर्व दिशांनी सारखेच तेजस्वी असते, असे हे सूत्र मानते. आषाढातील दाट ढगाळ आकाशाबाबत ते बऱ्याच अंशी चालून जाते. निरभ्र किंवा धूसर आकाशात मात्र सूर्यालगतचा भाग सर्वाधिक तेजस्वी असतो आणि कडे नेमका तोच झाकते. परिणामी भूमितीय दुरुस्तीनंतरही काही टक्के तूट राहते, आणि ती आकाशाच्या स्थितीनुसार बदलत असल्याने एकाच ठरावीक गुणकाने भरून निघत नाही.

ही तूट क्षुल्लक समजणे योग्य नव्हे. समग्र प्रारणातून विसरित प्रारण वजा करून थेट प्रारण काढण्याची पद्धत रूढ आहे. विसरित प्रारण दर चौरस मीटरला १५० वॅट असताना ५ टक्के कमी मोजले गेले, तर क्षितिजसमांतर थेट घटकात ७.५ वॅटची वाढ दिसते. सूर्याचे शिरोबिंदूपासूनचे अंतर ६०° असल्यास किरणांना लंब पृष्ठावर ती १५ वॅट होते. केंद्रीकरण करणाऱ्या सौर संयंत्राची सारी भिस्त याच घटकावर असते. तरीही अनेक शोधनिबंधांत कड्याची मापे आणि वापरलेली दुरुस्ती यांचा उल्लेखही आढळत नाही. मग त्यावर बेतलेल्या सहसंबंधांचे मूल्यमापन कसे करावे?

सूर्याचा मागोवा घेणारी छायाचकती किंवा छायागोल आकाशाचा अगदी लहान भाग झाकतो. त्यामुळे हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. पण मागोवा चुकला की सावली संवेदकावरून सरकते आणि थेट किरण विसरित म्हणून नोंदले जातात. म्हणून सोबत पायरहेलिओमीटर ठेवून त्याचे माप शिरोबिंदू-अंतराच्या कोज्येने गुणावे, त्यात विसरित माप मिळवावे आणि बेरीज समग्र प्रारणाशी ताडून पाहावी. केवळ छायाकडे असलेल्या केंद्रावर ही पडताळणी होऊ शकत नाही, कारण तेथे थेट प्रारण वजाबाकीतूनच आलेले असते.