पाहुण्या गाडीचा मार्ग

संगणकावर आगगाडी चालविण्याचा जो खेळ आहे त्यात शत्रू नाही, लूट नाही, आणि रूढ अर्थाने जयपराजयही नाही. खेळाडू इंजिनाच्या खोलीत बसतो, सिग्नल पाहतो, वेग वाढवितो, ब्रेक लावतो. आणि गाडी नेमक्या वेळी फलाटाशी उभी राहिली म्हणजे जे समाधान होते तेच त्याचे पारितोषिक. अशा खेळाची चर्चा साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकाने का करावी, असे एखादा वाचक विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. जगभर पसरलेल्या लक्षावधी मैल रुळांतून पन्नास-शंभर मैलांचा तुकडा उचलावयाचा, त्यावरील प्रत्येक फलाट, पूल, सिग्नल आणि वळण पुन्हा घडवावयाचे, आणि 'पाहा, ही अमुक देशाची आगगाडी' असे सांगून तो लोकांपुढे ठेवावयाचा, हे काम संपादकाच्या कामाहून फारसे निराळे नाही. जेथे निवड आली तेथे अभिरुची आली, औचित्य आले, आणि म्हणून टीकाही आली. अमेरिकेतील प्रवासी गाड्यांचे नवे मार्ग ह्या खेळांत कोणते यावेत, असा प्रश्न रसिकांत वरचेवर निघतो. त्याकडे आम्ही ह्याच दृष्टीने पाहू इच्छितो.

प्रथम आजवरच्या निवडीचा विचार करू. 2001 साली निघालेल्या 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' ह्या खेळात सहा मार्ग होते. इंग्लंड व ऑस्ट्रिया ह्यांचा एकेक, जपानचे दोन, आणि अमेरिकेचे दोन. ह्या दोन अमेरिकन मार्गांपैकी एक होता वॉशिंग्टन–फिलाडेल्फिया; त्यावर नव्यानेच सुरू झालेली वेगवान 'अ‍ॅसेला' धावे. दुसरा मोंटाना राज्यातील मारियास पास. तेथील नायक म्हणजे लांबच लांब मालगाडी. मौज अशी की, प्रत्यक्षात ह्याच घाटातून शिकागोहून निघणारी 'एम्पायर बिल्डर' ही दूर पल्ल्याची प्रवासी गाडी जाते. परंतु खेळाच्या कर्त्यांनी शहर दिले प्रवाशांना आणि डोंगर दिला मालाला. ही वाटणी त्या दिवशी जी झाली ती पुढे बहुतांशी तशीच राहिली.

अलीकडच्या 'ट्रेन सिम वर्ल्ड' ह्या खेळाची यादी पाहावी. त्याचा आरंभच अ‍ॅलेघेनी पर्वतातील सँड पॅच ह्या चढावरील मालगाड्यांनी झाला. त्यानंतर 2018 मध्ये न्यूयॉर्क ते न्यू रोशेल, 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे, पुढे बॉस्टन ते प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क ते ट्रेंटन, आणि लॉस एंजेलिसच्या परिसरातील दोन उपनगरी मार्ग आले. घाट आले तेही प्रामुख्याने मालगाड्यांचे: शर्मन हिल, कहोन पास. एका बाजूस नोकरदारांची गाडी, दुसऱ्या बाजूस कोळसा आणि कंटेनर. आणि ह्या दोहोंमध्ये जी खरी दूरची प्रवासी गाडी, तिला फार थोडी जागा.

ह्या निवडीमागची कारणे आम्ही हलकी लेखीत नाही. मार्गाचा प्रत्येक मैल हातांनी घडवावा लागतो आणि त्याला पैसा पडतो. उपनगरी मार्गावर थोड्या मैलांत पुष्कळ स्थानके मिळतात, दिवसभर गाड्यांची वर्दळ असते, आणि खेळाडूला एका संध्याकाळी एक फेरी पुरी करता येते. दूरच्या मार्गावर चोवीस तासांत एकच गाडी जात असेल तर विकत घेणारा काय चालविणार, हा प्रश्न व्यापाऱ्याने विचारणे रास्तच आहे. पण व्यापाराचे कारण पटले म्हणजे चित्र खरे ठरले असे होत नाही.

अमेरिकेतील प्रवासी गाडीचे वैशिष्ट्य कशात आहे? वेगात नव्हे, त्यात जपान आणि फ्रान्स कितीतरी पुढे आहेत. डब्यांच्या थाटातही नव्हे. तो थाट 1950 नंतरच्या काळात मोटारीने आणि विमानाने हिरावून घेतला. खाजगी कंपन्यांना प्रवासी नकोसे झाले, तेव्हा 1 मे 1971 पासून अ‍ॅमट्रॅक ही राष्ट्रीय संस्था त्यांचा भार वाहू लागली. तिचे जाळे एकवीस हजारांहून अधिक मैलांचे आहे. पण बॉस्टन–वॉशिंग्टन पट्टा आणि आणखी काही तुकडे सोडले तर रूळ तिचे नाहीत. तिच्या गाड्यांच्या एकूण धावेपैकी सुमारे 70 टक्के धाव परक्यांच्या, म्हणजे मुख्यतः माल वाहणाऱ्या कंपन्यांच्या, रुळांवर होते. ती गाडी आपल्याच देशात पाहुणी आहे.

आपल्याकडे मेल किंवा एक्स्प्रेस पुढे जावी म्हणून मालगाडी लूपवर तिष्ठत उभी असलेली आगगाडीने हिंडणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे. अमेरिकेत पुष्कळदा ह्याच्या उलट घडते. तेथे 1973 पासून कायदा प्रवासी गाडीच्या बाजूचा आहे. परंतु मालगाड्या इतक्या लांब झाल्या आहेत की एकेरी मार्गावरील सायडिंगमध्ये त्या मावतच नाहीत, आणि मग आखूड असलेल्या प्रवासी गाडीलाच बाजूला सरावे लागते. ह्या कायद्याच्या पालनासाठी सरकारला 1979 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली. दुसऱ्या वेळी प्रश्न न्यूयॉर्क–न्यू ऑर्लिन्स धावणाऱ्या 'क्रेसेंट' गाडीच्या विलंबाचा होता. तांबडा सिग्नल, दूरवरून येणारा मालगाडीचा दिवा, हातातून निसटत चाललेली वेळ आणि ती भरून काढण्यासाठी पुढच्या सरळ रुळांवर चाललेली चालकाची धडपड, ह्यात खेळाला लागणारे नाट्य नाही असे कोण म्हणेल? जो खेळ अमेरिकन प्रवासी गाडीला सदैव हिरवा सिग्नल देतो तो रूळ आणि डबे हुबेहूब दाखवूनही त्या गाडीचा स्वभाव दाखवीत नाही.

यास्तव नव्या मार्गाची निवड करताना तीन कसोट्या लावाव्यात, असे आम्हांस वाटते. मार्गाच्या दोन्ही टोकांना काही अर्थ असावा. शहराच्या बाहेर कोठेतरी नकाशा संपला म्हणून प्रवास संपू नये. मार्गावर चालकाला निर्णय घ्यावे लागावेत. केवळ देखावा पुरेसा नाही. आणि तिसरी, आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: त्या मार्गावर रुळांचा धनी आणि गाडीचा धनी ह्यांचे नाते खेळातून जाणवावे. ह्या कसोट्यांना उतरणारे तीन मार्ग आम्ही पुढे ठेवितो.

पहिला मार्ग न्यू रोशेल ते न्यू लंडन. बॉस्टन–वॉशिंग्टन हा 457 मैलांचा पट्टा खेळांत तुकड्यातुकड्यांनी आला आहे. पण उपर्युक्त तुकड्यांत कनेटिकट किनाऱ्याचा हा भाग नाही. वास्तविक पट्ट्यातील सर्वांत अवघड भाग हाच. न्यू रोशेलपासून न्यू हेवनपर्यंतचे रूळ अ‍ॅमट्रॅकचे नाहीत; तेथे वाहतुकीचे नियंत्रण मेट्रो-नॉर्थ ह्या उपनगरी रेल्वेकडे आहे, आणि देशातील सर्वांत नामांकित गाडीला तिच्या लोकल गाड्यांमधून वाट काढावी लागते. न्यू हेवनच्या पुढे तारांतील विजेचा दाब साडेबारा हजारांवरून पंचवीस हजार व्होल्टवर जातो. तेथून रूळ समुद्राला बिलगून वळणे घेतात. इतरत्र ताशी 150 मैल धावलेली गाडी येथे वळणापुढे नमते, आणि उघडझाप करणाऱ्या पुलांवर होड्यांचाही मान राखावा लागतो. कनेटिकट नदीवरील 1907 सालचा पूल आता आपली जागा नव्या पुलाला देणार आहे. जुना पूल उभा आहे तोवर त्याचे चित्र खेळात उतरावे, हेही एक निमित्त आहे.

दुसरा मार्ग डेन्व्हर ते विंटर पार्क. शिकागोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत 2,438 मैल जाणारी 'कॅलिफोर्निया झेफिर' सबंध घडविणे कोणासही शक्य नाही. तसा आग्रह धरणारे रसिक प्रेमळ असले तरी व्यवहारी नव्हेत. पण तिचा हा साठ मैलांच्या आतबाहेरचा भाग स्वयंपूर्ण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 5,280 फुटांवरील शहरातून निघून गाडी लहान बोगद्यांची माळ ओलांडीत 1928 साली खुल्या झालेल्या मॉफट बोगद्यात शिरते. हा बोगदा सव्वासहा मैलांच्या जवळपास लांब असून त्यातील माथा 9,239 फुटांवर आहे. अ‍ॅमट्रॅकच्या साऱ्या जाळ्यातील हे सर्वोच्च स्थान. एक गाडी गेली की तोंडाशी पडदा ओढून मोठ्या पंख्यांनी आतला धूर बाहेर काढावा लागतो, आणि तोवर मागच्या गाडीने थांबावयाचे. म्हणजे येथे निसर्गच सिग्नल देतो. रूळ युनियन पॅसिफिकचे. त्यामुळे मालगाड्यांची गाठही अटळ. दिवसाला गाड्या थोड्या, ह्या आक्षेपाला उत्तर आहे: हिवाळ्यात बर्फावर खेळण्यास जाणाऱ्यांसाठी अ‍ॅमट्रॅकने 2017 पासून ह्याच भागावर निराळी गाडी चालविली आहे. शिवाय मार्गाला इतिहास आहे. अ‍ॅमट्रॅक निघाली तेव्हा येथील रिओ ग्रांदे कंपनी तिच्यात सामील झाली नाही. आपली दुमडलेली का होईना, पण स्वतंत्र प्रवासी गाडी तिने 1983 पर्यंत स्वाभिमानाने चालविली. त्या गाडीचे एखादे जुने वेळापत्रक सोबत देता आले तर एकाच रुळावर दोन काळ पाहावयास मिळतील.

तिसरा मार्ग न्यू ऑर्लिन्स ते मोबील. आणि एकच मार्ग निवडा असे कोणी म्हटले तर आम्ही हाच निवडू. येथे डोंगर नाही, वेग नाही, नावाजलेले स्थानक नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने, दलदलीतून आणि खाड्यांवरील लांब पुलांवरून जाणारा हा सुमारे 145 मैलांचा सपाट मार्ग आहे. 2005 साली कॅटरिना चक्रीवादळाने तो उद्ध्वस्त केला. रूळ दुरुस्त झाले, पुढच्याच वर्षी मालगाड्या पुन्हा धावू लागल्या; प्रवासी गाडी मात्र परतली नाही. तिच्यासाठी गावांनी मागण्या केल्या, संस्थांनी प्रयत्न केले, रुळांच्या धन्यांशी वाद नियामक मंडळापुढे गेला, आणि 2022 मध्ये समेट झाला. अखेर 18 ऑगस्ट 2025 रोजी 'मार्दी ग्रा' नावाने दिवसाला दोन जाणाऱ्या व दोन येणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. बे सेंट लुइस, गल्फपोर्ट, बिलॉक्सी, पॅस्कागूला ही मधली चार स्थानके. चार तासांच्या आतला हा प्रवास एका बैठकीत पुरा होतो, म्हणजे व्यापाराची अटही सुटते. पण आमचा आग्रह त्यासाठी नाही. वीस वर्षे ज्या फलाटांवर उतारू उतरला नाही तेथे गाडी उभी करण्याचा अनुभव दुसऱ्या कोणत्या मार्गावर मिळणार?

ह्यावर एक आक्षेप येईल तो असा की, खेळ करमणुकीसाठी असतो. थांबण्यात कसली करमणूक? आम्हांस हा आक्षेप वरवरचा वाटतो. ह्या खेळाचे रसिक मुळातच धिमे आहेत. ताशी तीस मैलांनी मालगाडी चढावर नेण्यात ते दोन-दोन तास आनंदाने घालवितात. थांबणे कंटाळवाणे होते ते कारण न कळल्यास. कोणाची गाडी येत आहे, ती कोठवर आली, आपला विलंब किती, ह्याची जाणीव नियंत्रकाच्या आवाजातून आणि सिग्नलांच्या क्रमातून करून दिली तर थांबणेही प्रवासाचाच भाग होईल. दुसरा पक्ष 1949 च्या काचेच्या घुमटाच्या डब्यांसाठी झुरणाऱ्यांचा. त्यांच्या स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही. परंतु केवळ गतवैभवाचीच चित्रे काढीत बसल्यास आज धावणाऱ्या गाडीविषयी, ती जणू धावतच नाही, असा ग्रह होतो.

आणि आज धावणारी गाडीही उद्या तशीच राहत नाही. 2019 च्या त्या सॅन फ्रान्सिस्को–सॅन होजे मार्गावर खेळाडू डिझेल इंजिन चालवितो. सप्टेंबर 2024 मध्ये प्रत्यक्ष मार्गावर विजेच्या गाड्या आल्या आणि त्या भागातील डिझेलची दैनंदिन सेवा संपली. कर्त्यांनी वर्तमान म्हणून जे घडविले ते पाच वर्षांत इतिहास झाले. ज्या मार्गाची निवड झाली नाही त्याच्या वाट्याला मात्र एवढीही नोंद येत नाही. अमेरिकेतील कितीतरी गावांतून प्रवासी गाडी एकदा गेली ती गेलीच. तेथे वाढलेल्या मुलाला आपल्या देशाची दूरची गाडी पहिल्यांदा भेटेल ती कदाचित पडद्यावरच. ती केवळ कार्यालयाच्या वेळेला धावणारी आहे, डोंगर आणि समुद्र मालगाड्यांसाठी राखलेले आहेत, असेच त्याने त्या पडद्यावर पाहिले, तर पुढे कोणी गाडी परत मागू लागल्यास तो त्यांच्या बाजूने का उभा राहील? मोबीलच्या फलाटावर गाडी परत आली ती अशी मागणी करणारे लोक वीस वर्षे थकले नाहीत म्हणून. खेळाच्या कर्त्यांनी पुढच्या वेळी नकाशा उलगडताना प्रथम त्या फलाटाकडे पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.