अकरावीचा पहिला अडसर : मोल

दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी अकरावीच्या रसायनशास्त्रात पहिल्याच चाचणीत अडखळतो, ही तक्रार वसई-विरारच्या शिक्षकांनाही परिचित आहे. दोष बहुधा विद्यार्थ्याच्या पाठांतराला किंवा इंग्रजीला दिला जातो. आमच्या मते हे निदान अपुरे आहे.

भाषेचा अडथळा खराच. येथील अनेक घरांत वाडवळी किंवा सामवेदी (कादोडी) बोलली जाते. मराठी शाळेत मूल ‘क्षपण’, ‘संयुजा’, ‘द्रावण’ शिकते. अकरावीत तेच ‘रिडक्शन’, ‘व्हॅलन्सी’, ‘सोल्यूशन’ होऊन येते. परंतु शब्दांच्या याद्या पाठ केल्याने अडचण संपत नाही.

ग्लासगोचे रसायनशिक्षणतज्ज्ञ अॅलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ साली दाखवून दिले की रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते : दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणू-रेणू आणि चिन्हे-समीकरणे. जाणकार या तिन्हींत सहज ये-जा करतो. नवशिक्यावर मात्र तिन्हींचा भार एकदम पडतो.

राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात रासायनिक संयोगाचे नियम, डाल्टनचा सिद्धांत, अणुवस्तुमान आणि मोल हे सारे पहिल्याच प्रकरणात येते. मोलची ओळख तर नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात होऊन गेलेली असते. तरीही तो परका वाटतो, कारण ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या शिकवली जाते. तिची गरज का पडली, हे शिकवायचे राहून जाते. अणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून ते तराजूने मोजायचे, एवढीच ती गरज.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. वालाचे शंभर दाणे मोजून त्यांचे वस्तुमान काढावे. मग मूठभर वाल नुसते तोलून त्यांची संख्या सांगता येते. तांदळाचेही शंभर दाणे तोलावेत. संख्या तीच, वस्तुमान वेगळे! मग १८ ग्रॅम पाणी आणि ५८.५ ग्रॅम शुद्ध मीठ शेजारी ठेवावे. पाण्यात जितके रेणू, तितक्याच मिठात सोडिअम व क्लोराइड आयनांच्या जोड्या. मिठागरांच्या या मुलखात मोल समजावण्यासाठी याहून जवळचा पदार्थ कोणता?

विद्यार्थ्यांनीही प्रत्येक उदाहरण सोडवताना वहीत तीन रकाने आखावेत : काय दिसले, कणांचे काय झाले, चिन्हांत कसे लिहिले. मधला रकाना प्रथम मराठीत, हवे तर घरच्या बोलीत भरावा. तोच रिकामा राहिला, तर सूत्रात आकडे घालून उत्तर बरोबर येईलही, पण रसायनशास्त्र आले असे म्हणता येणार नाही.

अभ्यासक्रम संपवण्याची घाई आम्ही जाणतो. तरीही मोलसाठी आठवडाभर अधिक दिला, तर पुढच्या प्रकरणांत तो वेळ भरून निघेल. पाया कच्चा ठेवून गाठलेला वेग विद्यार्थ्याला विज्ञानशाखेबाहेर नेतो, आणि आपण म्हणतो, ‘त्याला रसायन झेपले नाही.’